उकरलेल्या वारुळाचाही फोटो काढा

मागच्या अंकात माझा एक फोटो छापून आला होता. मादी अस्वल आणि तिच्या पाठीवर केसांना धरून बसलेली दोन पिल्लं. त्यानंतर या सदराकडे अस्वलांविषयी इतकी पत्रं आली की हा महिना त्यांनाच द्यायचं ठरवलं. मी खामगावात सत्तावीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि सुट्ट्यांमध्ये ज्ञानगंगा अभयारण्य, मेळघाट, ताडोबा इथे कॅमेरा घेऊन फिरले. पुढची उत्तरं त्या फिरण्यातून आलेली आहेत.

ताई, मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी 150-600 ची लेन्स घेतली. गेल्या मे महिन्यात ताडोब्यात चार सफाऱ्या केल्या, त्यात दात विचकलेल्या अस्वलाचा एक फोटो मिळाला. 'जंगलातला खुनी' असं नाव देऊन मी तो समाजमाध्यमांवर टाकला आणि तो फार पसरला. मित्र म्हणतात, तू संवर्धनाचं काम करतोस. मला मात्र कळत नाही की माझ्या फोटोनं अस्वलाचं नेमकं काय भलं झालं. — एक वाचक, पुणे

आजपर्यंत तरी काही भलं झालेलं नाही, आणि त्या नावामुळे थोडं वाईटच झालं असेल. पण फोटो चांगला आहे, तो वाया घालवू नका. नाव बदला आणि तोच फोटो पुन्हा टाका.

आधी तो संगणकावर मोठा करून वरच्या जबड्याकडे नीट बघा. समोरचे मधले दोन दात दिसणार नाहीत. पूर्ण वाढलेल्या आपल्या अस्वलाला ते नसतातच. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं. वारूळ नख्यांनी फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटायच्या आणि ओठांची नळी करून आतली वाळवी सुर्रकन ओढायची. हा आवाज शांत रानात शंभरेक मीटरवरूनही ऐकू येतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, जवळच कुणाचं पाण्याचं इंजिन हवा धरतंय. तुमच्या फोटोत जे 'खुनी' तोंड आहे, ते वाळवी खाण्यासाठी घडलेलं तोंड आहे. मे महिन्यात ते उघडं असतं ते बहुतेक वेळा उकाड्यानं लागलेल्या धापेमुळे.

या प्राण्याला चुकीच्या नजरेनं बघण्याची परंपरा जुनी आहे. 1791 साली जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानं त्याच्या लांब नख्या आणि दातांची ठेवण पाहून ते दक्षिण अमेरिकेतल्या झाडाला लटकणाऱ्या स्लॉथचं भावंड असल्याचं ठरवलं. चूक पुढे दुरुस्त झाली, पण 'स्लॉथ बेअर' हे नाव आजही चिकटलेलंच आहे. एकदा चिकटलेलं नाव निघत नाही, म्हणून फोटोखाली काय लिहिता याला मी फार महत्त्व देते.

जगात ही अस्वलं वीस हजारांहून कमी उरली असावीत असा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक भारतात आहेत. बांगलादेशातून ती संपली. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्यांना वाघाइतकंच, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे. वाघाइतकं लक्ष मात्र त्यांच्याकडे कुणी देत नाही. वाघाच्या अंगावर पट्टे असतात, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून मोजता येतो. अस्वल म्हणजे काळ्या केसांचं गाठोडं. छातीवरचा इंग्रजी व्ही किंवा वायसारखा पांढरा पट्टा प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो, पण ते समोर उभं राहिलं तरच तो दिसणार. मोजणी अवघड, म्हणून माहिती कमी, म्हणून लक्षही कमी. इथे तुमची लेन्स उपयोगी पडते. प्रत्येक फोटोबरोबर तारीख, वेळ, ते काय खात होतं आणि बरोबर पिल्लं किती होती हे लिहून ठेवा, आणि ती नोंद वनविभागाला द्या. पिल्लं साधारण हिवाळ्यात गुहेत जन्मतात आणि दीड-दोन वर्षं, कधी थोडं अधिक, आईबरोबर राहतात. त्यामुळे एकाच टेकडीवर दरवर्षी पिल्लांसह मादी दिसत असेल तर ती टेकडी किती मोलाची आहे हे तुमच्या नोंदींवरून दाखवता येतं. तिथे उद्या खाण किंवा रस्ता येऊ घातला तर अशा नोंदीच टेबलावर ठेवाव्या लागतात.

ठिकाण मात्र सगळ्यांसमोर जाहीर करू नका. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. बरीच वर्षं झाली. एका टेकडीच्या कपारीत मादी पिल्लांसह राहत होती. मी पलीकडच्या उतारावरून फोटो काढले आणि उत्साहात टेकडीच्या नावासकट छापायला दिले. पुढच्या दोन रविवारी तिथे गाड्यांची रांग लागली. पोरं कपारीच्या तोंडापर्यंत गेली. मादीनं पिल्लं हलवली. कुठे नेली, ती जगली का, मला कधी कळलं नाही. त्या फोटोची मूळ प्रत माझ्याकडे आहे, पण मी तो पुन्हा कुठे दिला नाही.

आणि एक काम करा, तुमच्यासारख्या कमावत्या माणसाला ते सहज जमेल. फोटोच्या बारा बाय अठरा इंची छापील प्रती काढा, लॅमिनेट करा आणि ज्या गावाजवळ अस्वल दिसलं तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नेऊन लावा. पुण्यातल्या हजार लोकांनी 'लाईक' केलं तरी अस्वलाचा दिवस बदलत नाही. त्याचा दिवस बदलतो त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांमुळे. मी पहिल्यांदा अशा प्रती घेऊन ज्ञानगंगेच्या कडेच्या एका गावात गेले, तेव्हा पोरांच्या मागे एक आजीबाई उभ्या होत्या. पिल्लं पाठीवर घेतलेल्या मादीचा फोटो बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "माय वं, लेकरं पाठीवर घेऊन वेचाले निंगाली काय थे?" सगळं आयुष्य अस्वलाच्या शेजारी काढलेल्या त्या बाईंनी अस्वल निवांत असं कधी पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते पळताना, नाहीतर अंगावर येताना.

मावशी, आम्ही डेन्व्हरला राहतो. जूनमध्ये मुलांना घेऊन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जाणार आहोत. तिथे ग्रिझली, म्हणजे तिकडचं तपकिरी अस्वल, दिसल्यास फोटो काढताना काय पाळावं? आणि इथे पर्यटकांच्या फोटोंमुळे अस्वलांना खरंच काही फायदा होतो का? — एक वाचक, कोलोरॅडो

यलोस्टोनचा नियम सरळ आहे. अस्वल आणि लांडगा यांच्यापासून किमान शंभर यार्ड, म्हणजे सुमारे 91 मीटर. मुलांना हे आधीच फुटबॉलच्या मैदानावर दाखवून ठेवा. एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंतचं अंतर जवळपास तेवढंच भरतं. रस्त्यात गाड्यांची गर्दी झाली असेल तर मध्येच थांबू नका, पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला व्यवस्थित उभं करता येईल तिथेच उतरा.

फायद्याचं विचारलंत, तर तुमच्या शेजारच्या वायोमिंगमधलंच उदाहरण देते, मला ते फार आवडतं. 2018 मध्ये त्या राज्यानं यलोस्टोनच्या परिसरातल्या ग्रिझलींच्या शिकारीला परवानगी द्यायचं ठरवलं. जास्तीत जास्त 22 अस्वलं मारता येणार होती आणि परवाने सोडतीनं मिळणार होते. तेव्हा अस्वलं वाचवू पाहणाऱ्या अनेक लोकांनी सोडतीत स्वतःच अर्ज भरले. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांनीही भरला. यलोस्टोनशेजारच्या ग्रँड टीटन उद्यानात अनेक वर्षं अस्वलांचे फोटो काढणारे टॉम मँगलसन यांचा नंबर लागला, आणि तोही आठवा. उद्यानांना लागून असलेल्या मुख्य भागात एका वेळी एकच शिकारी आणि त्याला दहा दिवस, असा नियम होता. आपल्या वाट्याचे दहा दिवस बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन घालवायचे, म्हणजे तेवढे दिवस कुणालाच गोळी झाडता येणार नाही, असं त्यांनी ठरवलं. ती वेळ आलीच नाही. सप्टेंबरमध्ये न्यायालयानं ग्रिझलींचं संरक्षण परत आणलं आणि शिकार थांबली.

त्याच भागातली 399 क्रमांकाची मादी जगातली सर्वांत जास्त फोटो निघालेली ग्रिझली मानली जाते. तिची पिल्लं, नातवंडं लोकांना घरच्यासारखी ओळखीची झाली होती. 22 ऑक्टोबर 2024 ला, वयाच्या 28 व्या वर्षी, ती एका गाडीच्या धडकेत मेली. तिचे फोटो बघितलेत तर त्यातल्या बऱ्याच फोटोंत डांबरी रस्ता दिसेल. तुम्ही तिकडे गाडी चालवाल तेव्हा, विशेषतः संध्याकाळनंतर, वेग कमी ठेवा.

मॅडम, मी नाशिकला फोटोग्राफीचा कोर्स करतो. अस्वलाचा फोटो काढला की एकतर नुसता काळा डाग येतो, नाहीतर राखाडी घोंगडं. काय करू? — एक विद्यार्थी, नाशिक

कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम राखाडी हवं असतं, ही सगळी गडबड त्यातून होते. अस्वलानं चौकट भरली असेल तर कॅमेरा म्हणतो अंधार फार झाला, आणि उजेड वाढवतो. मग काळे केस राखाडी होतात आणि मागचं गवत पांढरंफटक पडतं. अशा वेळी एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली घे. उलट, उन्हाळ्यातल्या पिवळ्या गवतात लांबवर लहानसं अस्वल असेल तर कॅमेरा गवताचा उजेड बघून सगळंच काळवंडून टाकतो. तिथे थोडं वर जावं लागतं. फाइल रॉमध्येच ठेव, म्हणजे केसांमधला तपशील नंतर काढता येईल.

फोकस काळ्या अंगावर धरू नको, तो इकडेतिकडे भटकत राहतो. अस्वलाच्या तोंडाचा पुढचा भाग मळकट पांढरा असतो, त्याच्या कडेवर धर. डोळे बारीक असतात, त्यात उजेडाचा ठिपका आला नाही तर चेहरा मेल्यासारखा दिसतो. म्हणून सकाळचं किंवा उतरतं तिरकं ऊन गाठ. वारूळ उकरताना डोकं सतत हलतं, तेव्हा शटर 1/500 च्या खाली नेऊ नको. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग मचाणावर बसायची संधी देतो. पाणवठ्यावर अस्वल हमखास येईलच असं नाही, पण आलं तरी फ्लॅश मारू नको. त्या रात्री कॅमेरा पिशवीत ठेवून नुसतं बघितलंस तरी पुष्कळ शिकशील.

ताई, आम्ही हंपीला गेलो होतो तेव्हा जवळच्या दरोजी अभयारण्यात मनोऱ्यावरून अस्वलं पाहिली. दुपारी कर्मचारी खडकांवर गूळ-मधाचं काहीतरी लावतात, मग अस्वलं येतात. फोटो सुरेख आले. पण घरी आल्यावर वाटलं, हे फसवून काढलेले फोटो आहेत का? — एक वाचक, सांगली

फसवणूक तुम्ही फोटोबरोबर काय सांगता त्यात असते. दरोजी 1994 मध्ये खास अस्वलांसाठी राखलेलं अभयारण्य आहे. खडकावर गोड लावण्याचं काम तिथली यंत्रणा करते, माणसं लांब मनोऱ्यावर असतात. मला स्वतःला ही पद्धत मनापासून पटत नाही, कारण अस्वलाचा खरा दिवस बोरं, जांभळं, उंबर, बहाव्याच्या शेंगा आणि वाळवी शोधण्यात जातो आणि तोच मला फोटोत हवा असतो. पण त्या खडकाळ, झुडपी रानाला अस्वलांमुळे संरक्षण मिळालं हेही खरं आहे. फोटोखाली 'खडकावर गोड लावलेलं होतं' एवढं लिहा. आग्र्याला वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेच्या केंद्रात सोडवून आणलेली अस्वलं असतात, त्यांच्या फोटोखालीही 'सांभाळलेलं अस्वल' असं लिहावं. दरवेशी अस्वल घेऊन गावात यायचा आणि आया पोरांच्या गळ्यात अस्वलाचे केस बांधायच्या, हे माझ्या पिढीनं पाहिलंय. त्या अस्वलाचं नाक तापवलेल्या सुईनं टोचलेलं असायचं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. रस्त्यावरचं शेवटचं नाचरं अस्वल 2009 च्या डिसेंबरमध्ये सोडवलं गेलं. अशा सोडवलेल्या अस्वलांचे फोटो आवर्जून काढा, पण ती कुठून आली हे लपवू नका.

मला खरी भीती वाटते ती या खाऊ घालण्याची नक्कल घराजवळ होण्याची. छत्तीसगडमधल्या महासमुंद जिल्ह्यात, बागबाहराजवळ घुंचापालीला चंडीमातेचं मंदिर आहे. तिथे रानातली अस्वलं प्रसाद खायला येतात आणि लोक हातानं नारळ भरवत फोटो काढतात. माणूस म्हणजे खाऊ, हे एकदा अस्वलाच्या डोक्यात बसलं की ते पुढच्या माणसाकडेही खाऊ मागायला जाणार. त्या पुढच्या माणसाच्या हातात नारळ असेलच असं नाही.

मॅडम, मी अकोट तालुक्यातल्या, मेळघाटच्या पायथ्याच्या एका गावातला आहे. गेल्या एप्रिलमध्ये मोह वेचताना माझ्या काकांना अस्वलानं धरलं. चेहरा फाटला, एक डोळा गेला. महिनाभरानं दोन फोटोग्राफर गावात आले, त्यांनी 'अस्वल कुठं दिसते' एवढंच विचारलं. काकांबद्दल कुणी विचारलं नाही. तुम्ही लोक फोटो काढून 'गोंडस' लिहिता. आमचं काय? — एक वाचक, अकोला जिल्हा

भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्या काकांना भेटायचं आहे. आम्ही फोटो काढणारे गावात येतो आणि माणसांना ओलांडून जातो, हा तुमचा राग योग्य आहे. मीही सुरुवातीची कितीतरी वर्षं तेच केलं.

आधी कामाचं. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जखमी झाल्यास महाराष्ट्रात वनविभागाकडून भरपाई मिळते आणि कायमचं अपंगत्व आलं तर वेगळी, जास्त रक्कम असते. डोळा गेला आहे, तेव्हा सरकारी दवाखान्याचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि वनरक्षकानं केलेला पंचनामा हे दोन्ही कागद हातात आहेत का ते बघा. नसतील तर मला कळवा, मी तुमच्याबरोबर कार्यालयात येईन. पुढे कुणावर अशी वेळ आली तर मोबाईलनं जखमांचे, जागेचे, फाटलेल्या कपड्यांचे, जमिनीवरच्या पावलांचे फोटो त्याच वेळी काढून ठेवा आणि लगेच वनरक्षकाला कळवा. अस्वलाचं मागचं पाऊल माणसाच्या अनवाणी पावलासारखं उमटतं, आणि पुढच्या पावलाच्या ठशात बोटांच्या बऱ्याच पुढे नखांच्या खुणा असतात. असा एक साधा फोटो कागदोपत्री फार कामाला येतो.

आता अस्वल असं का करतं ते. त्याची नजर कमजोर असते, आणि खाताना, उकरताना ते इतकं गुंग असतं की माणूस जवळ येईपर्यंत त्याला चाहूल लागत नाही. हरीण पळून जातं. अस्वल वाघ आणि बिबट्याच्या शेजारात वाढलेला प्राणी आहे. झाडावर चढावं तर बिबट्याही चढतो, पळावं तर पिल्लं पाठीवर असतात. म्हणून दचकलं की ते उभं राहून लढतं. 2018 च्या फेब्रुवारीत ताडोब्यात एका मादीनं पिल्लासाठी मोठ्या नर वाघाशी झुंज दिली आणि त्याला माघार घ्यायला लावली, ते चित्रण देशभर पाहिलं गेलं. वाघापुढे जे करतं तेच ते तुमच्या काकांपुढे करतं. त्याला काका आणि वाघ यातला फरक बघायला उसंत नसते.

मोहाची फुलं रात्री आणि पहाटे गळतात. ती खायला अस्वल येतं आणि वेचायला तुमची माणसं जातात, दोघांची वेळ एकच. ऊन नीट वर आल्यावर, दोघातिघांनी मिळून, मोठ्यानं बोलत जावं. काठीला घुंगरू बांधलं तरी चालतं. नाल्याच्या वळणाआधी आणि दाट झुडपाआधी हाक द्यावी. अंगावर आलंच तर पालथं पडून दोन्ही हातांनी मान आणि चेहरा झाकावा. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतानाही हेच.

यासाठी मी गेली काही वर्षं वेगळे फोटो काढते आहे. त्यात अस्वल नसतंच. ताजं उकरलेलं वारूळ, ज्याची माती अजून ओली आणि गडद आहे, आणि चार दिवसांपूर्वीचं, ज्याची माती वाळून फिकी झाली आहे. बहाव्याच्या आणि बोराच्या बियांनी भरलेली विष्ठा. मोहाच्या खोडावर चढतानाचे नख्यांचे ओरखडे, नवे आणि जुने शेजारी शेजारी. दिवसा ते जिथे झोपतं तशी कपार, लांबून घेतलेली. असे चौदा फोटो मोठे करून लॅमिनेट केले आहेत. या खुणा ताज्या दिसल्या तर त्या दिवशी ती वाट टाळायची, इतकंच ते सांगतात. मेळघाटातल्या एका वनरक्षकानं मला सांगितलं की त्याच्या गावातल्या बाया आता सकाळी वारुळं बघून वाट ठरवतात. मला आजवर जी बक्षिसं मिळाली, त्यापेक्षा मला हे ऐकून जास्त बरं वाटलं.

यंदा मोह गळायला लागायच्या आत, होळीच्या आधीच्या आठवड्यात, मी ते चौदा फोटो घेऊन तुमच्या गावी येते. अकोटपर्यंत बस आहे, पुढचं तुम्ही सांगा. संध्याकाळी, बाया कामावरून आल्यावर समाजमंदिरात बसू. काकांची तयारी असेल तर आधी त्यांना बोलू द्या. ते अस्वलाबद्दल जे म्हणतील ते सगळ्यांनी ऐकून घेऊ, ते चौदा फोटो त्यानंतर दाखवते.